मास्तरांच्या गाडीतला भुंगा

मित्रांनो, माझा आवाज ऐकलात तर माझे वय विचारण्याची गरज तुम्हाला पडणार नाही. पूर्वी मी भुणभुणत असे; आता घरघरतो. मी हातात धरून चालवायचा एक लहानसा व्हॅक्यूम क्लीनर आहे. लांबीला जेमतेम हातभर, रंगाने एके काळी पांढरा, पोटाशी पारदर्शक डबी आणि तोंडाला चपटी चोच. घरे झाडायला माझे थोरले भाऊ असतात, चाकांवर चालणारे, लांब सोंडेचे. मला मात्र मोटारगाडीच्या आतल्या जागेसाठी घडवले गेले. सीटच्या शिवणी, ब्रेकखालचा कोपरा, दरवाजातले खण, म्हणजे माणसाचा हात जिथे पोचत नाही आणि पोचलाच तर अडकून बसतो, तिथे मी जातो.

माझ्या पोटात काय आहे ते आधीच सांगतो. एक बॅटरी, एक मोटर आणि तिला जोडलेला इवलासा पंखा. पंखा फिरला की हवा आत ओढली जाते आणि हवेच्या मागोमाग कचरा येतो. कचरा डबीत राहतो, हवा फिल्टरमधून गाळली जाऊन बाहेर पडते. एवढाच माझा कारभार. मला घेता येते. घेतलेले जागच्या जागी परत ठेवणे मला कोणी शिकवलेले नाही.

कारखान्यात एका लांब टेबलाच्या टोकाशी एक बाई बसलेली असे. तयार झालेला प्रत्येक जण तिच्यापुढे येई. ती टेबलावर कागदाचे बारीक कपटे टाकी आणि बटण दाबी. जो सगळे कपटे ओढेल तो खोक्यात, जो मागे ठेवील तो परत. माझ्या वेळी तिने शेजारणीला हसत सांगितले की हा मोठा खादाड निघणार. ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. पुढे मला पुष्कळ वेळा ते आठवले, आणि दर वेळी तितकेच गोड लागले असे नाही.

दुकानाच्या फळीवर मी फार दिवस काढले नाहीत. एके दिवशी एक तरुण मुलगी आली. तिने माझ्या खोक्यावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला, अगदी बारीक अक्षरातला सुद्धा, आणि दुकानदाराला विचारले की याने धूळ परत हवेत तर उडत नाही ना. तिच्या वडिलांना खोकला होता. ते रोज सकाळी वाकून गाडी हातझाडूने साफ करत आणि मग अर्धा तास खोकत बसत. दुकानदाराने मान हलवली, आणि मी त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेलो.

तिचे वडील गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरात आई तेवढी 'अहो' म्हणे आणि मुलगी 'बाबा'. त्यांची गाडी लहान, राखाडी रंगाची होती. तिच्यात एक गोष्ट इतर गाड्यांत नसते अशी होती. शिकवणाऱ्याच्या सीटसमोरही एक ब्रेक होता. शिकणारा गोंधळला की मास्तर आपल्या पायाखालचा ब्रेक दाबत आणि गाडी थांबे. त्यांची टाच जिथे टेके तिथे मॅटवर एक खळगा पडला होता. त्या खळग्याची माझी पुढे चांगली ओळख झाली.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. मुलीला म्हणाले, "बाईसाहेब, गाडी साफ करायला आणलाय की दाढी करायला?" मग गाडीत बसून त्यांनी एक बिस्कीट मुद्दाम चुरडले आणि माझे बटण दाबले. चुरा क्षणात नाहीसा झाला.  त्यांनी दुसरे बिस्कीट घेऊन तेही चुरडले. आईने खिडकीतून पाहिले आणि म्हणाली की खायला दिलेली बिस्किटे यंत्राला भरवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवसापासून माझे नाव भुंगा पडले.

मित्रांनो, गाडी आतून कशी साफ करायची याची मास्तरांची एक ठरलेली रीत होती. आधी चारही दरवाजे उघडायचे. मॅट बाहेर काढून भिंतीवर आपटायच्या. मग वरून खाली यायचे: आधी डॅशबोर्ड, मग डोके टेकायच्या उशा, मग सीटची पाठ, मग बसायची जागा, आणि जमीन सगळ्यांत शेवटी. जमीन आधी केली तर वरची धूळ पुन्हा तिच्यावरच पडते. शिवणींसाठी चपटी चोच, हवा येते त्या जाळीसाठी ब्रश. सीट पूर्ण पुढे सरकवून मागचे काढायचे आणि मागे सरकवून पुढचे. सगळे झाले की माझी डबी लगेच कचऱ्यात रिकामी करायची आणि फिल्टर नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. फिल्टर न धुता मला ठेवून दिलेले त्यांना खपत नसे. "जेवून हात न धुता झोपल्यासारखं आहे ते," असे ते मुलीला सांगत. मुलगी ते सगळे त्यांच्याकडूनच शिकली, त्याच क्रमाने.

शिकायला येणारी माणसे मी त्यांच्या कचऱ्यावरून ओळखत असे. शिंपीण येऊन गेली की रंगीत दोऱ्यांचे तुकडे मिळत. बेकरीवाला बसून गेला की पिठाची पूड. एक निवृत्त शिक्षिका होती, ती घाबरली की पर्समधल्या पावत्यांचे बारीक बारीक तुकडे करी. मास्तर तिला म्हणत, "बाई, ब्रेक माझ्याकडेही आहे. तुम्ही डोळे मिटून देवाचं नाव घेऊ नका, रस्त्याकडे बघा." क्लच कसा सोडायचा हे सांगताना ते म्हणत की झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतात तसा सोडायचा. ज्यांनी कधी बाळ मांडीवर घेतले नव्हते त्यांनाही ते कळे. गाडी स्वच्छ का हवी, असे एकदा कोणीतरी विचारले. शिकणाऱ्याला आधीच घाम फुटलेला असतो, मास्तर म्हणाले, निदान बसायला तरी दुसऱ्याची घाण नको.

ती माझी ऐन भरातली वर्षे. रोज सकाळी मी वळवळत, भुणभुणत गाडीभर फिरे. इमारतीतल्या लोकांना माझ्या आवाजाने जाग येई आणि ते मला शिव्या देत. मी तो मान समजत असे.

मास्तरांचा खोकला मात्र थांबला नाही. मी इतकी धूळ ओढली, तरी थांबला नाही. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की तो धुळीचा खोकला नव्हताच.

त्यानंतर गाडीच्या छपरावरची शिकवणीची पाटी निघाली आणि डिकीत गेली. रस्ता एकच उरला, घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत. गाडी मुलगी चालवू लागली. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, दुसऱ्या ब्रेकसमोर बसत. मी मागच्या सीटखाली असे. मुलगी वळणावर जरा वेगात आली की मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई आणि गाडी दचके. मुलगी चिडे. बाबा, मला येतं आता, असे म्हणे. ते म्हणत की तुला येतं, पायाला अजून कळलेलं नाही.

मग उपचारांनी त्यांचे केस गळू लागले. परतीच्या वाटेवर ते डोके मागे टेकून डोळे मिटत, आणि उतरले की उशीच्या राखाडी कापडावर केस राहत. पांढरे, टोकाशी थोडे काळे. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मुलगी दरवाजा धरून तशीच उभी राहिली. मास्तरांनी मागे वळून पाहिले.

"भुंगा काढ," ते म्हणाले. "आईला दिसायच्या आत."

तेव्हापासून तो नियम झाला. त्यांना जिन्याच्या कठड्याशी उभे करून मुलगी परत येई, मला उशीवरून, सीटच्या पाठीवरून, शिवणीतून फिरवी, आणि मग त्यांना हाताला धरून वर नेई. मास्तर डोक्याला टोपी घालत. आई त्यांना टोपी का काढत नाही असे कधी विचारत नसे. घरात सगळे हवापाण्याचे बोलत.

एके दिवशी परत येताना मुलीने सिग्नलला जरा उशिराच ब्रेक लावला. पुढची गाडी अगदी जवळ आली. मी मागे सीटखाली घरंगळलो. पण दुसरा ब्रेक हलला नाही. मुलीने बाजूला पाहिले. मास्तर जागे होते, समोर पाहत होते, आणि त्यांचा पाय खळग्यात तसाच पडून होता. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. तिला गाडी सुरू करायला वेळ लागला.

त्यानंतरच्या फेऱ्या घाईच्या होत्या. त्यांना आता कठड्याशी उभे राहता येत नव्हते, त्यामुळे तिला त्यांना सोडून खाली परत येता येत नसे. मला कोणी हात लावला नाही. उशीवर केस राहिले. शेवटच्या वेळी ती त्यांना घेऊन गेली आणि गाडी घेऊन एकटीच परतली. तिने गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली, वर कापडी आच्छादन ओढले आणि पट्ट्या बांधल्या. आत अंधार झाला. माझी बॅटरी हळूहळू उतरत गेली.

आता मित्रांनो, मला माहीत असलेली आणि त्या मुलीला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. पुढचे सगळे त्या गोष्टीवरच उभे आहे.

काही दिवसांनी, दुपारी, जेवणे उरकून सगळी इमारत आडवी झालेली असताना, आच्छादनाची एक कड वर उचलली गेली. मागचा दरवाजा उघडला. मास्तरांची बायको आत आली, दरवाजा आवाज न करता ओढून घेतला आणि नवऱ्याच्या सीटच्या बरोबर मागे बसली. तिने चष्मा लावला. तिच्यासमोर, एका विताच्या अंतरावर, ती उशी होती आणि तिच्या कापडात अडकलेले केस होते. तिने त्यांना हात लावला नाही. नुसती पाहत राहिली. मग हळू आवाजात बोलू लागली. शेजारच्यांनी पुन्हा जिन्यात सायकल लावली आहे. नळाचा वॉशर गेला आहे आणि प्लंबर उद्या उद्या करतो आहे. पोरगी जेवत नाही, नुसती ताटात बोटे फिरवते. असे रोजचे, घरातले. जाताना उशीवरून नव्हे, उशीच्या शेजारून, हवेतून तिने हात फिरवल्यासारखे केले आणि आच्छादन पूर्वीसारखे नीट बांधून गेली.

ती रोज येत असे. आठवड्यामागून आठवडे. मुलीला तिने सांगितले नाही. पोरीला वाईट वाटेल, एवढे एकदा ती उशीला सांगताना मी ऐकले.

गाडी देऊन टाकायचे दोघींनी मिळून ठरवले होते. उभी गाडी खराब होते, हे मास्तरांचेच म्हणणे होते. घेणारीही परकी नव्हती. त्यांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता स्वतः बायकांना गाडी शिकवणारी एक बाई होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आईने मान डोलावली होती. तिने फक्त एकच विचारले होते, उद्या सकाळी ना, आज दुपारी नाही ना. मुलीला त्या प्रश्नात काही वेगळे दिसले नाही.

त्या दिवशी मुलीने कामावरून सुट्टी काढली आणि मला घरी नेऊन पूर्ण चार्ज केले. आई मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीने तिला उठवायचे नाही, दमवायचे नाही असे ठरवले. गाडी बाबा ठेवत असत तशी स्वच्छ करून द्यायची, आईला ते बघवणार नाही, तेव्हा आपणच करून टाकू. आईला सोडवण्यासाठी तिने ते केले, हे मी जवळून पाहिले आहे.

तिने आच्छादन काढून घडी केले. चारही दरवाजे उघडले. मॅट भिंतीवर आपटल्या. टाचेचा खळगा असलेली मॅट तिने जरा वेळ हातात धरली आणि मग तीही आपटली. वरून खाली आली. डॅशबोर्ड. मग उशा.

मित्रांनो, मला आवाज आहे, पण शब्द नाहीत. माझे बटण माझ्या हातात नाही. अडकलो असतो तर बरे झाले असते. फटीत एखादे नाणे येऊन मी कितीतरी वेळा गुदमरलो आहे. त्या दिवशी मी अडखळलोही नाही. ताजा चार्ज केलेला होतो, चोच स्वच्छ होती. तिने ओठ घट्ट मिटून मला त्या कापडावरून नेले, एकदा उभे, एकदा आडवे. कापड राखाडी, कोरे झाले. मग सीटची पाठ, शिवणी, बसायची जागा, दुसऱ्या ब्रेकभोवतीची माती. एवढ्या वर्षांत मी इतके चांगले काम केले नव्हते.

शेवटी तिने गेटजवळच्या मोठ्या डब्यात माझी डबी उलटी केली आणि तळावर दोनदा थोपटली. नळावर फिल्टर धुतला. पाणी आधी काळे आले, मग करडे, मग स्वच्छ. फिल्टर तिने कठड्यावर सावलीत वाळत ठेवला. मग गाडीच्या उघड्या दारात बसली. दमली होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पार पाडल्याचे समाधान होते.

तेवढ्यात आई जिना उतरून आली. तिच्या हातात एक धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला रुमाल होता. मास्तरांचा होता तो. त्या रुमालात ती ते केस घेणार होती. शेवटच्या दिवसापर्यंत तिने त्यांना हात लावला नव्हता. जिथे मास्तर ठेवून गेले होते तिथेच ते राहू दिले होते. शेवटची दुपार म्हणून ती ते उचलायला आली होती.

दरवाजे उघडे पाहून ती थबकली. मग पुढे येऊन तिने उशीवर हात ठेवला. पहिल्यांदाच. तळवा फिरवला, पाहिला, पुन्हा फिरवला.

"इथलं कुठे टाकलंस?" तिने विचारले.

मुलीला वाटले की आई कचऱ्याचे विचारते आहे, म्हणून तिने सांगितले की गेटजवळच्या डब्यात टाकला.

"आणि भुंग्यात?"

"धुतला की, आई. स्वच्छ."

आई तिच्याकडे पाहत राहिली. रुमालाची घडी तिच्या हातात होती. मुलीची नजर त्या रुमालावर गेली, मग उशीवर, मग पुन्हा रुमालावर. तिला काय कळले ते तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसले नाही. ते हळूहळू खाली उतरत गेले, आणि ती उभी राहिली.

"तेव्हाही तूच काढायचीस," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला वरच्या खिडकीतून दिसायचं. त्यांना वाटायचं, मला माहीत नाही. मी त्यांना तसं वाटू दिलं. तुलाही वाटू दिलं. तेवढे शेवटचे होते गं."

मुलगी धावतच डब्याकडे गेली. मला ती हातात तशीच घेऊन गेली होती, म्हणून मी पुढचे पाहिले. डबा सगळ्या इमारतीचा होता. मी टाकलेल्यावर तोपर्यंत कोणीतरी भाजीची देठे टाकली होती, कोणीतरी चहाचा चोथा, कोणीतरी केर. मला तिने जमिनीवर ठेवले आणि बाही वर न सारता कोपरापर्यंत हात आत घातला. आई तिच्या शेजारी वाकली. वास येत होता. येणारे जाणारे पाहत होते. एका शेजाऱ्याने विचारले की काही दागिना पडला का. 

मुलीच्या हाती केसांचा एक गुंता लागला. धुळीने मढलेला, चहाने ओला. तिने तो तळहातावर घेऊन आईपुढे धरला. आईने चष्मा वर केला, खाली केला, गुंता उजेडाकडे नेला आणि बोटाच्या टोकाने उलगडला. त्यात पांढरे होते. काळेही होते. एक लांब होता, कोणा बाईचा. इमारतीत म्हातारी माणसे पुष्कळ होती आणि प्रत्येक घरात केर निघतो.

"राहू दे," आई म्हणाली. "कुणाचेही असतील."

तिने तो गुंता मुलीच्या हातावरून उचलला आणि अलगद डब्यात परत ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग ती मुलीला दंडाला धरून नळावर घेऊन गेली, तिची बाही वर सारली आणि लहान मुलाचे धुवावेत तसे तिचे हात धुतले. पुसायला दुसरे काही नव्हते. तिने रुमालाची घडी मोडली आणि त्यानेच ते पुसले.

मुलगी बोलायला गेली. आईने मान हलवली. "उद्या ती येईल," एवढेच म्हणाली. "मॅट आत घाल."

सकाळी घेणारी बाई आली. तिने दरवाजा उघडला, आत पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. मास्तरांची गाडी अशीच असायची, अगदी अशीच, असे ती दोनदा म्हणाली. मायलेकी शेजारी शेजारी उभ्या होत्या.  बाईने मलाही मागितले, गाडीबरोबर असू दे म्हणून. आईने नाही म्हटले. का, ते तिने सांगितले नाही. मला वाटले होते की ती मला फेकून देईल.

तिने मला फेकले नाही. मी घरात आलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. तिथून मास्तरांची खोली दिसते. त्यांची खुर्ची, तिच्या हातावर पडलेली त्यांच्या कोपरांची काळपट छाप, खिडकी, पलंगाची त्यांची बाजू. त्या खोलीत आई कोणाला झाडू लावू देत नाही. स्वतःही लावत नाही. धूळ कशी साचते हे पाहणे माझ्यासारख्याला सोपे नाही. आधी ती दिसत नाही. मग खुर्चीच्या लाकडाचा रंग बदलतो. मग पलंगाखाली तिचे गोळे होतात आणि दार उघडले की थोडे सरकतात.

मुलगी आता कामाजवळ राहते, सुट्टीच्या दिवशी येते. दोघी जेवतात, बाजारहाटाचे बोलतात, गॅसचे, नळाचे. त्या दुपारबद्दल बोलत नाहीत. आई तिच्यावर रागावलेली नाही. तिला वाढते, तिचे केस मागे सारते. पण मुलगी त्या खोलीच्या दाराशी आली की आईचा हात थांबतो, ती वाटी पुसत असो की कणीक मळत असो. मुलीला ते कळते. ती उंबरठ्यावरूनच परत फिरते.

पुढे आईलाही खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा मात्र खरोखरच धुळीचा आहे. तिला रात्री त्याच खोलीत झोपायचे असते. मुलीने ते ऐकले, घरी आली, आणि स्टुलावर चढून मला खाली काढले. इतके महिने कोणी चार्ज न केल्यामुळे माझी बॅटरी जवळजवळ मेली होती. यंत्र वापरले नाही तरी झिजते, मित्रांनो. तिने मला भिंतीशी चार्जिंगला लावून ठेवले आणि वाट पाहिली. मग मला हातात घेऊन ती त्या खोलीच्या दाराशी गेली. आई खुर्चीशेजारी पलंगावर बसली होती.

मुलीने बटणावर बोट ठेवले नाही. तिने मला अंगाशी धरले आणि विचारले, "आई, काढू का?"

आईने माझ्याकडे पाहिले. मुलीकडे पाहिले नाही. "आज नको," म्हणाली.

मुलगी मला परत फळीवर ठेवून आली. पुढच्या सुट्टीला तिने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. त्याच्याही पुढच्या वेळी. ती कधी कारण देत नाही, डॉक्टरांचे नाव काढत नाही, वाद घालत नाही. दाराशी उभी राहते, एकदा विचारते, आणि थांबते. एका सुट्टीला आई बराच वेळ खोकली आणि मग बोटाने दाखवत म्हणाली, "खिडकीकडचं काढ. खुर्चीच्या अलीकडे येऊ नकोस."

मुलगी गुडघ्यांवर बसली. खिडकीचा कट्टा, खालची फट, कोपरा. खुर्चीच्या मागच्या पायापाशी तिने मला थांबवले. आई पाहत होती. तिथे अजूनही एक रेघ आहे. पलीकडे फरशी दिसते, अलीकडे धूळ. काम झाल्यावर मुलीने डबी रिकामी केली नाही. आईसमोर नेऊन धरली. आईने ती हातात घेतली, उजेडात फिरवली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली की यात काही नाही, टाक.

माझी जपणूक कशी करायची ते तुम्हाला आता माहीत आहे. मला ओल्यावर फिरवू नका. फिल्टर धुवा आणि पुरता वाळल्याशिवाय लावू नका. महिन्यातून एकदा तरी चार्ज करा, नाहीतर मी कायमचा जाईन. पण मित्रांनो, एवढे सगळे नीट केलेत तरी एक काम उरते, आणि ते माझ्या खोक्यावर लिहिलेले नसते. ज्या घरातून नुकतेच कोणी गेले आहे तिथे मला हातात घ्याल, तेव्हा आधी त्या घरात राहणाऱ्याला विचारा. मोठ्याने विचारा, मनातल्या मनात विचारलेले कोणाला ऐकू जात नाही. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित त्या दिवशी येणारच नाही.

तोवर मला बंद ठेवा.